फोन करायच्या सवयी आणि त्यामागची यंत्रं: ट्रंक कॉलपासून 'बोलू का?'पर्यंत

तांब्याची_जोडी

ट्रंक कॉलवर ओरडून बोलणं, रिसीव्हर तळहातावर आपटणं, दोन रिंगा देऊन फोन ठेवणं, लग्नपत्रिकेत नंबरापुढे 'पी.पी.' छापणं, मिस्ड कॉल देणं आणि आता फोन लावण्याआधी 'बोलू का?' असा मेसेज टाकणं. या सवयींवर बोलणं निघालं की 'काय दिवस होते' इथवर येऊन थांबतं, आणि तेच खटकतं. यातली जवळजवळ प्रत्येक सवय तारेतल्या, एक्स्चेंजमधल्या नाहीतर बिलातल्या कुठल्यातरी नेमक्या गोष्टीमुळे पडलेली आहे. कारण गेलं तरी सवय मागे राहते, म्हणून नंतर ती विचित्र दिसते. तांत्रिक बाजू पक्की माहीत असलेल्यांनी इथे लिहावं. आठवणींसाठी दुसरे धागे आहेत.

सुरुवात ट्रंक कॉलपासून. एसटीडी, म्हणजे ऑपरेटरशिवाय परगावी थेट डायल करायची सोय, येण्याआधी परगावी फोन म्हणजे १८० फिरवून ऑपरेटरकडे नोंदणी. स्वतःचा नंबर, गाव, हवा असलेला नंबर आणि कॉलचा प्रकार सांगायचा: ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग. अर्जंटला दुप्पट दर, लाइटनिंग त्याहून कितीतरी महाग. मग रिसीव्हर ठेवून वाट बघायची. दोन गावांमधल्या ट्रंक लाइनी मोजक्या असायच्या, त्यामुळे नोंदणीच्या चिठ्ठ्या रांगेला लागत. आकारणी तीन मिनिटांच्या हिशेबाने. वेळ संपत आली की ऑपरेटर मध्ये येऊन 'वाढवायचा का?' विचारणार, म्हणून मुद्दे आधी कागदावर उतरवून ठेवायचे आणि निरोप पहिल्यांदा, खुशाली उरलेल्या वेळात.

'पी.पी.'चं मूळही इथलंच. पर्टिक्युलर पर्सन हा ट्रंक कॉलचा एक प्रकार होता. साध्या कॉलमध्ये पलीकडे कुणीही फोन उचलला की मीटर सुरू. पी.पी. कॉलमध्ये थोडा जादा आकार देऊन माणसाचं नाव सांगायचं, आणि तो माणूस फोनवर आल्यावरच तीन मिनिटं मोजली जायची. ज्याच्या घरी फोन नाही त्याला शेजाऱ्याकडून बोलावून आणायचं तर हाच प्रकार परवडणारा. त्यामुळे पत्रिकांवर आणि लेटरहेडवर शेजाऱ्याचा नंबर 'पी.पी.' लावून छापला जाऊ लागला. पुढे ट्रंक कॉल गेले, तरी 'पी.पी.' म्हणजे 'शेजाऱ्यांचा फोन' हा अर्थ टिकला.

रात्रपाळी

ओरडण्याबद्दल लिहितो, कारण त्यावर गैरसमज फार आहेत.

जुन्या रिसीव्हरच्या बोलायच्या बाजूला कार्बन मायक्रोफोन असायचा: पातळ पडदा आणि त्यामागे कोळशाच्या बारीक दाण्यांची डबी. आवाजाने पडदा दाबला गेला की दाणे जवळ येतात, रोध कमी होतो आणि एक्स्चेंजच्या बॅटरीकडून येणारा प्रवाह त्याच चालीने कमीजास्त होतो. आवाज हळू तर बदलही बारीक. पुढे लांबच्या लाइनीवर हा बदल आणखी क्षीण होतो. मध्ये ॲम्प्लिफायर असत, पण दोन तारांच्या मार्गावर ते एका मर्यादेपलीकडे वाढवता येत नाहीत. वाढवले तर प्रतिध्वनी येतो आणि लाइन शिटी मारायला लागते. तेव्हा उरलेली भरपाई बोलणाऱ्याच्या घशाने करायची. पलीकडचा आवाज बारीक आला की माणूस आपोआप आपलाही चढवतो, हा स्वभाव त्यात भर घालतो.

आता तळहातावर आपटण्याबद्दल. दमट हवेने आणि सतत एकाच दिशेला पडून राहिल्याने कार्बनचे दाणे एकमेकांना चिकटून घट्ट बसतात. मग पडदा हलला तरी रोध फारसा बदलत नाही आणि आवाज दबका, खरखरीत जातो. रिसीव्हर आडवा धरून हलकेच आपटला की दाणे सुटे होतात. उपाय बरोबरच होता. नंतरच्या बटणांच्या फोनमध्ये इलेक्ट्रेट मायक्रोफोन आला, त्यात दाणेच नाहीत. तिथे आपटून फक्त सोल्डर सुटतो.

शून्यबावीस

ओरडणं कार्बन माइकमुळे असेल तर मोबाइलवर लोक का ओरडतात? तिथे ना दाणे, ना लांबची तार.

रात्रपाळी

तिथे साइडटोनचा प्रश्न आहे. जुन्या फोनमध्ये स्वतःच्या बोलण्याचा थोडा अंश स्वतःच्याच कानात मुद्दाम सोडलेला असायचा. तो ऐकू आला की आपला आवाज 'गेला' याची खात्री पटते आणि माणूस बेताने बोलतो. मोबाइलवर हा अंश खूप कमी असतो, भोवताली गोंगाट असतो आणि फोनचं तोंड गालापर्यंतच पोचतं. मग मेंदू आवाज चढवतो. माइक तुमची कुजबूजही पकडतो, ओरडल्याने पलीकडे आवाज फाटतो एवढंच. गोंगाटात असाल तर तळाच्या बाजूचं माइकचं बारीक भोक बोटाने झाकलं जात नाही ना ते बघा. निम्म्या तक्रारी तिथे संपतात.

तांब्याची_जोडी

डायलबद्दल थोडं सविस्तर, कारण कुलपाची सवय त्यातूनच आली.

रिसीव्हर उचलला की लाइनचं सर्किट पुरं होतं. डायल परत फिरताना ते सर्किट ठरावीक वेळा तुटतं: ५ फिरवला तर पाच वेळा, ० फिरवला तर दहा वेळा. वेग सेकंदाला १० पल्स. एका पल्सच्या १०० मिलिसेकंदांपैकी साधारण दोन तृतीयांश वेळ सर्किट तुटलेलं, उरलेला वेळ जोडलेलं. म्हणजे शून्याला नुसत्या परतीचाच एक सेकंद. ज्या नंबरात शून्य आणि नऊ जास्त तो लावायला जास्त वेळ घेई, आणि मध्येच बोट सुटलं तर राँग नंबर.

स्ट्राउजर नावाच्या जुन्या यांत्रिक एक्स्चेंजमध्ये हे पल्स थेट यंत्र हलवत. शेवटचे दोन आकडे घेणाऱ्या सिलेक्टरचा दांडा आकड्याइतक्या पायऱ्या वर चढायचा, मग पुढच्या आकड्याने आडवा फिरायचा. दहा पातळ्या, प्रत्येकीवर दहा संपर्क. डायलच्या मागचा वेगनियंत्रक झिजला की पल्स सावकाश पडतात, दांडा एखादी पायरी चुकतो आणि फोन भलत्याच घरी. म्हणून उचलल्याबरोबर 'कोणता नंबर?' असं विचारायची पद्धत होती. ते उद्धटपणाचं लक्षण नव्हतं, ती जोडणीची तपासणी होती.

कुलूप: फोनचा गैरवापर होऊ नये म्हणून डायलच्या भोकात छोटं कुलूप अडकवत. डायल फिरत नाही, पण येणारा फोन घेता येतो. हा उपाय अपुरा होता, कारण डायल जे करतो तेच रिसीव्हर ठेवायच्या क्रेडलची खिटीही करते. ती पाच वेळा भराभर दाबली की ५ गेला, सेकंदभर थांबून पुढचा आकडा. सेकंदाला दहाच्या आसपास वेग जमला पाहिजे. खिटी जास्त वेळ दाबली गेली तर एक्स्चेंज 'फोन ठेवला' असं धरतं आणि सगळं पहिल्यापासून. खरा बंदोबस्त एक्स्चेंजकडून एसटीडी बंद करून घेणं किंवा नंतर आलेलं गुप्त आकड्याचं डायनॅमिक लॉक, एवढाच.

कोपऱ्यातला_बूथ

दोन रिंगांच्या खुणेबद्दल. 'पोचलो' म्हणून दोन रिंगा, 'परत फोन कर' म्हणून तीन, असे संकेत घरोघर ठरलेले असत. आकारणी पलीकडे फोन उचलला जाण्याच्या क्षणापासून होते, वाजण्याला पैसे नाहीत. उचलल्याची खबर एक्स्चेंज लाइनची ध्रुवता (धन-ऋण टोकं) उलटी करून देई. नाण्याच्या डब्याचे फोन त्यावरच चालत. पीसीओतलं, म्हणजे सार्वजनिक फोन बूथवरचं, बिल दाखवणारं यंत्र याच खुणेवर नाहीतर १६ किलोहर्ट्झच्या मीटर पल्सवर चाले.

या खुणा चुकायच्या, आणि का चुकायच्या हे बहुतेकांना कधीच कळलं नाही. फोन लावणाऱ्याच्या कानात जी रिंग ऐकू येते ती पलीकडच्या घंटेचा आवाज नसते. घंटेसाठी एक्स्चेंज सुमारे ७५ व्होल्टचा, २५ हर्ट्झचा वेगळा प्रवाह पाठवतं आणि तुमच्या कानात वेगळा सूर सोडतं. दोन्हींचा ताल सारखा (०.४ सेकंद वाज, ०.२ थांब, ०.४ वाज, २ थांब), पण सुरुवात एकाच क्षणी होईलच असं नाही. तुम्ही दोन मोजून ठेवलात तर पलीकडे एकच वाजलेली असू शकते, नाहीतर तिसरी सुरू झालेली. त्यामुळे आकड्यावर बेतलेला संकेत बेभरवशाचा. 'वाजवून ठेवायचं, मिनिटभराने पुन्हा वाजवून ठेवायचं' हा चालायचा.

पीसीओबद्दलही एक नोंद. कानपूर-लखनौ ही देशातली पहिली एसटीडी जोडणी १९६० सालची, पण लहान गावांपर्यंत डायल पोचायला ऐंशीचं दशक उजाडलं. सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था १९८४ मध्ये स्थापन झाली आणि त्यांचं १२८ लाइनींचं ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला पहिल्यांदा बसलं. वातानुकूलित खोलीशिवाय चालणारं यंत्र, हे त्याचं मोठेपण. बाहेरच्या उकाड्यात, धुळीत ते तग धरायचं म्हणून खेड्यात बसवता आलं. एसटीडीचा मीटर अंतराप्रमाणे पळायचा: जितकं लांब तितका एक पल्स कमी सेकंदांचा. रात्री उशिरा पाव दर, म्हणून बूथवर रात्री रांगा. रात्रीचा फोन म्हणजे वाईट बातमी ही समजूत तेव्हा बरीच मोडली.

वहीवाला

जुन्या डायऱ्यांमधले लँडलाइन नंबर आज लावायचे तर काही सूत्र आहे का? सातारा, कोल्हापूर, मुंबई, पुणे असे बरेच आहेत.

शून्यबावीस

आहे. आधी एक कसोटी लक्षात ठेवा: शून्य सोडून एसटीडी कोड आणि स्थानिक नंबर मिळून दहा आकडे भरले पाहिजेत. २००२-०३ च्या सुमारास सरकारी कंपन्यांच्या लँडलाइनना पुढे २ जोडला गेला. तेव्हा:

मुंबई (०२२): सात आकडी जुन्या नंबराला पुढे २. आठ झाले, दोन आणि आठ दहा.
कोल्हापूर (०२३१): सहा आकडी असेल तर पुढे २, म्हणजे सात.
सातारा (०२१६२): पाच आकडी असेल तर पुढे २, म्हणजे सहा.

पुण्याला हे सरळ लागू होत नाही. तिथला कोड आधी ०२१२ होता, मग ०२० झाला आणि नंबर सहाचे सात, साताचे आठ झाले. सात आकडी नोंद असेल तर पुढे २ लावून बघा. सहा आकडी असेल तर मधल्या टप्प्यात जोडलेला आकडा एक्स्चेंजप्रमाणे वेगवेगळा होता. त्याच पेठेतला दुसरा एखादा नवा-जुना नंबर वहीत असेल तर त्याच्याशी ताडून पाहणं हाच मार्ग.

आणि लँडलाइनवरून मोबाइल लावताना पुढे ० लावाच. १५ जानेवारी २०२१ पासून देशभर तो नियम आहे. 'हा नंबर अस्तित्वात नाही' असं ऐकून बरेच जण नंबर खोडून टाकतात, आणि चूक फक्त शून्याची असते.

सत्तर_अक्षरं

मोबाइलकडे वळू. देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ चा, कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना केलेला. त्यानंतरची काही वर्षं येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. 'लँडलाइनवरून करतो, ठेव' ही सवय तिथली. १ मे २००३ पासून इनकमिंग मोफत झालं आणि मोबाइल सगळ्यांच्या हातात आला. करणाऱ्याला पैसे, घेणाऱ्याला नाहीत, या नियमातून मिस्ड कॉल हे रोजचं साधन झालं. रिक्षावाल्यापासून दूधवाल्यापर्यंत 'खाली आलोय' एवढं सांगायला एक वाजवणी पुरायची.

मला मात्र एसएमएसबद्दल लिहायचंय, कारण आपण मराठी रोमनमध्ये का लिहायला लागलो याचं निम्मं उत्तर तिथे आहे. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षर ७ बिटांचं, म्हणून १६० अक्षरं. देवनागरी १६ बिटांची, म्हणून फक्त ७०. त्यात काना, मात्रा, हलंत प्रत्येक वेगळा मोजला जातो. 'शुभेच्छा' डोळ्यांना तीन-चार अक्षरांचा दिसतो, पण श, उकार, भ, मात्रा, च, हलंत, छ, काना मिळून आठ जागा घेतो. मेसेज ७० च्या पुढे गेला की तो तुकड्यांत जातो आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च मावतात, कारण जोडणीची माहितीही त्यातच बसवावी लागते. इंग्रजी मेसेजात एखादं देवनागरी अक्षर किंवा इमोजी टाकलं तरी सगळा मेसेज ७० च्या हिशेबात जातो. आजही एसएमएसचे पैसे दोनदा कापले गेले तर आधी हे तपासा.

उरलेलं निम्मं उत्तर कीपॅडमध्ये. 'नमस्कार' रोमनमध्ये लिहायला १५ वेळा बटणं दाबावी लागायची, त्यातला एकटा 'स' चार वेळा, कारण तो ७ वर चौथा. बहुतेक स्वस्त हँडसेटवर देवनागरी टाइप करायची सोयच नव्हती, आणि पलीकडच्या फोनवर चौकोन उमटत. ती सवय इतकी रुजली की आता देवनागरी कीबोर्ड फुकट असूनही मोठा वर्ग रोमनमध्येच मराठी लिहितो. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं, आणि बदलणं सोपं आहे: सेटिंगमध्ये कीबोर्डच्या भाषांत मराठी जोडा, बोलून टाइप करायची भाषा मराठी ठेवा, एवढं पुरतं.

कोपऱ्यातला_बूथ

मिस्ड कॉलच्या बाबतीत एक भर. वाजायचं किती यावरून कंपन्यांमध्येच ताण होता, कारण दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला कॉल गेला की मिनिटाला ठरावीक पैसे द्यावे लागत. ती रक्कम ऑक्टोबर २०१७ पासून १४ वरून ६ पैशांवर आली. रिंग लवकर तुटली की समोरचा परत फोन करतो आणि पैशांची दिशा उलटते. शेवटी नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने वाजण्याची मुदत मोबाइलसाठी ३० आणि लँडलाइनसाठी ६० सेकंद ठरवून दिले. वर दिलेल्या तालाचं एक आवर्तन ३ सेकंदांचं, म्हणजे मोबाइलवर साधारण दहा जोडरिंगा. ज्येष्ठांना उठून फोनपर्यंत यायला वेळ लागत असेल तर एकदा कट झाला म्हणून काळजी करू नका, लगेच दुसऱ्यांदा लावा. १ जानेवारी २०२१ पासून ते ६ पैसेही शून्य झाले.

नवी_लाइन

'बोलू का?' या मेसेजवर कुणीच आलं नाही. ज्येष्ठांना तो परकेपणा वाटतो.

सत्तर_अक्षरं

लँडलाइन घराची होती, मोबाइल माणसाचा आहे. घरचा फोन वाजला तर कुणीतरी उचलायचं, आणि हवा तो माणूस नसेल तर निरोप राहायचा. मोबाइल खिशात असतो: रस्त्यावर, मीटिंगमध्ये, दवाखान्याच्या रांगेत. उचलणारा दुसरा कुणी नाही, त्यामुळे विचारण्याची जबाबदारी फोन करणाऱ्याकडे आली. दुसरं कारण जाहिरातींचे फोन. अनोळखी नंबर न उचलणं ही आता बहुतेकांची सवय आहे. म्हणून नवीन नंबरावरून कुणाला फोन करायचा असेल तर आधी नाव आणि काम एका ओळीत लिहून पाठवा, नुसतं 'हाय' पाठवू नका. १४० ने सुरू होणारे नंबर जाहिरातीसाठी आणि १६०० ने सुरू होणारे बँकांसारख्यांच्या सेवा-व्यवहारांसाठी राखलेले आहेत. साध्या दहा आकडी नंबरावरून जाहिरात आली तर १९०९ वर तक्रार करता येते.

रात्रपाळी

व्हॉट्सॲप कॉलवर दोघं एकदम बोलतात, मग दोघं एकदम थांबतात, त्याचंही कारण सांगतो. आवाज एका बाजूने दुसरीकडे पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर संभाषण नैसर्गिक वाटतं, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक आहे. तांब्याच्या स्थानिक लाइनीवर हा वेळ नगण्य होता. उपग्रहावरून जाणाऱ्या परदेशी कॉलमध्ये वर ३६ हजार आणि खाली ३६ हजार किलोमीटर मिळून एका बाजूलाच पाव सेकंद, उत्तर येईपर्यंत अर्धा. इंटरनेटवरच्या कॉलमध्ये आवाजाचे तुकडे (पाकिटं) मागेपुढे पोचतात, ती नीट लावायला फोन थोडा आवाज साठवून मग वाजवतो. सिग्नल डळमळीत असेल तर साठवण वाढते. अशा वेळी वाक्य पुरं करा आणि सेकंदभर थांबा. मध्ये 'हं, हं' करू नका, ते उशिरा पोचून पुढचं वाक्य तोडतं.

नवी_लाइन

ज्येष्ठांसाठी घरी फायबरवरचा लँडलाइन घेतलाय. वीज गेली की फोनही बंद पडतो. पूर्वी असं व्हायचं नाही.

तांब्याची_जोडी

कारण पूर्वीच्या फोनला वीज एक्स्चेंजकडून मिळायची. तिथल्या मोठ्या बॅटऱ्यांचे ४८ व्होल्ट त्याच तांब्याच्या जोडीवरून घरी येत. फायबरची काच वीज वाहून नेत नाही. तुमच्या घरात फायबर जिथे येऊन लागतो तो ओएनटीचा डबा बंद झाला की फोन बंद.

उपाय: ओएनटीच्या ॲडॉप्टरवर छापलेलं आउटपुट वाचा. बहुतेक १२ व्होल्ट, १ ते २ अँपिअर असतं. त्याच व्होल्टचा आणि तितक्याच किंवा जास्त अँपिअरचा छोटा डीसी यूपीएस घ्या. व्होल्ट चुकला तर डबा जळेल, अँपिअर जास्त असले तर चालतात. पिनचा आकार आणि मधल्या टोकाची धन-ऋण खूणही जुळवून बघा. वायफायचा राउटर वेगळा असला तरी फोनसाठी त्याला बॅटरी देण्याची गरज नाही, फोनची तार ओएनटीवरच्या फोनच्या खाचेत थेट जात असेल तर. कॉर्डलेस फोन असेल तर त्याच्या बेसलाही वीज लागते. म्हणून वीज नसताना हवा असलेला फोन साधा तारेचाच ठेवा.

बसवून झाल्यावर मेन स्विच पाडून एकदा मोबाइलवरून घरी फोन लावा, वाजतोय का आणि बोलता येतंय का दोन्ही तपासा. बॅटरी क्षीण असेल तर काही यूपीएसवर डायल टोन येतो, पण रिंग सुरू झाली की डबा रीस्टार्ट होतो. तसं झालं तर जास्त क्षमतेचा घ्यावा लागेल.